चाचीसाठी रक्त

“हात ढिल्ला सोड वं, कायले भिऊन राह्यली?”

असं म्हणत बांगडीवाली चाची समोरच्या बाईचा पंजा आपल्या मुठीत दाबायची, तिला माहेरच्या गोष्टींत गुंतवायची आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर चढवायची.

आर्णीत आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं घर. डोक्यावर टोपली घेऊन ती आसपासच्या तांड्यांवर पायीच जायची. तिथल्या बंजारा बायकांशी त्यांच्या गोरबोलीत कडाकडा भांडायची आणि त्यांच्याच चुलीपाशी बसून भाकर खायची. अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. नातं काहीच नसतं, पण घरात लग्न निघालं की आधी तिला निरोप जातो.

तुरीच्या कापलेल्या वावरातून जाताना तिच्या पायात धसकट घुसलं. तिनं वर हळद दाबली. पाय सुजला तेव्हा मी म्हटलं, “चाची, दवाखान्यात चला.”

“मले काय होते? तांड्यावर लगन हाये. नवरी वाट पाहून राह्यली.”

नवरीला बांगड्या भरून ती परतली ती तापानं कुडकुडतच. सकाळी मला ओळखेना. तिची मुलगी आणि मी तिला यवतमाळला नेलं. हिरड्यांतून रक्त येत होतं, अंगावर जांभळे ठिपके उठले होते. प्लेटलेट फार उतरल्या होत्या. मला वाटलं, डेंग्यू असेल.

“नाही. जखमेतले जंतू रक्तात पसरलेत. याला सेप्सिस म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. “प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या अगदी बारीक पेशी. कुठं कापलं की धावत जाऊन रक्त थांबवतात, जंतूंनाही घेरतात. आता त्या अंगभर धावत सुटल्यात. बारीक नसांमध्ये गुठळ्या करून बसल्यात, त्यामुळे किडनीला रक्त मिळत नाही. आणि जिथं रक्त थांबवायचं, तिथं त्या उरल्याच नाहीत.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. “म्हणजे राखणारेच मारून राह्यले माह्या मायले?”



औषधं चालू होती. प्लेटलेटच्या पिवळसर पिशव्या एकामागून एक चढत होत्या. ओठांवरचं रक्त पुसलं की पुन्हा यायचं. दुपारी चाचीनं डोळे उघडले.

“नवरीले चांगल्या दिसल्या न वं?”

मी नवरीला पाहिलंच नव्हतं. “लय चांगल्या,” मी म्हटलं.

संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

मी कागदपत्रांसाठी खाली आले, तर फाटकाशी एक पिकअप येऊन थांबली होती. लग्नाच्या तांड्यावरची माणसं भराभर उतरत होती. चाचीला रक्त लागतंय, हे त्यांना कुणीतरी कळवलं होतं. हळदीच्या अंगानं नवरदेवही आला होता. मला बघताच त्यानं शर्टाची बाही वर सारली आणि दंड पुढे केला.

“बाई, रक्त कुठं द्याचं? माहं आधी घ्या.”

त्याच्या मागं सगळ्यांनीच बाह्या वर केल्या होत्या.