शहाळ्याचं पाणी

ह्यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात, असं सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी टेबलाची कड घट्ट धरली. हे मात्र खुर्चीत ताठ. चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस! शुगर वीस वर्षांची, आणि पथ्याचं नाव काढलं की ह्यांचं ठरलेलं उत्तर, "बॉर्डरवर काय झालं न्हाई, आता काय हुतंय?"

डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या. आठवड्यातून तीनदा सांगलीला येऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं. नाहीतर पोटात नळी बसवायची आणि घरीच पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढायचं, असं दिवसातून चार वेळा. तिसरी वाट म्हणजे दुसऱ्याची किडनी. मी पटकन म्हणाले, "माझी घ्या." माझं रक्त तपासलं, तर मलाही शुगर निघाली, म्हणजे माझी किडनी चालणार नव्हती. देवा! "पंधरा दिवसांत काय ते ठरवा," डॉक्टर म्हणाले.

घरी आलो आणि बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्या कुंडल गावात आजाऱ्याकडं कुणी रिकाम्या हातानं येत नाही. ह्यांना शुगर, म्हणून बिस्किटं नाहीत, केळी नाहीत. सगळ्यांनी शहाळी आणली. घरापुढच्या सोप्यात ढीग लागला. धाकटी नणंद म्हणाली, "वैनी, रोज दोन पाजा. किडनी धुऊन निघतीया." डॉक्टरांनी दिलेला पथ्याचा कागद कपाटातच होता. खरं सांगू? मला तो वाचायचाच नव्हता. मशीन नको, नळी नको, शहाळ्यावरच भागू दे, असं मनातून वाटत होतं.

आठ दिवस मी स्वतः ग्लास भरून दिला, सकाळी एक, दुपारी एक. ह्यांना नको असायचं. "अगं, पोट डबडबलंय."

"गप प्या! ल्हान हायसा का?" मी खेकसायची.

नवव्या दिवशी सकाळी ह्यांना उठताच येईना. नाडी धरली तर एक ठोका पडायचा आणि दुसऱ्याची वाट बघत बसायचं. शेजाऱ्यांनी गाडी काढली. सांगली येईपर्यंत मी ह्यांच्या मनगटावरचं बोट काढलं नाही. काढलं तर ठोका थांबेल, असंच वाटत होतं.

रक्तात पोटॅशियम लय वाढलं होतं. मानेत नळी घालून तातडीनं मशीनवर घेतलं. संध्याकाळी हे जरा सावध झाले. शेजाऱ्यांकडून शहाळ्यांचं कळलं होतं, तसं डॉक्टरांनी विचारलं, "पोटॅशियमनं भरलेलं शहाळ्याचं पाणी कुणी दिलं? कागदावर पहिल्याच ओळीत मनाई लिहिलीय."

"मीच पीत हुतो," डोळे न उघडताच हे म्हणाले. "ही नगं म्हणत हुती." एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

चार दिवसांनी पुढचं ठरवायची वेळ आली. मी हात जोडले. "आवं, मशीनच घ्या. तिथं नर्स असत्यात."

"पोटातली नळी. घरात," हे म्हणाले.

"हाताला जरा घाण राहिली तरी पोटात जंतू जातात," डॉक्टरांनी बजावलं. "जिवावर बेतू शकतं. पिशव्या बदलणार कोण?"

ह्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ही हाय की."

नर्सनं मला सगळं शिकवलं. दार लावायचं, पंखा बंद, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत साबण. तरी घरी पहिल्या दिवशी पिशवी टांगली आणि माझं लक्ष माझ्या हातांवर गेलं. हेच हात ग्लास भरत होते ना? मी पुन्हा मोरीवर गेले. मग तिसऱ्यांदा गेले.

हे सदरा वर करून पडले होते. "बास की आता," म्हणाले. "स्वच्छ हायत तुझं हात."

मला काही ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. दिवसातून चार वेळा धुते.