व्याह्यांचा डावा बूट

स्वतःच्या व्याह्यांची पायताणं दोनदा हरवणारा मुलीचा बाप अख्ख्या मराठवाड्यात मी एकटाच असेन. पहिल्यांदा हरवली ती जालना रोडवरच्या मंगल कार्यालयात. दुसऱ्यांदा टोकियोत.

पहिल्या वेळी माझा दोष नव्हता. (दुसऱ्या वेळी सगळा माझाच होता, पण त्याकडं येतोच.) आमच्या मनीषाच्या लग्नात आमच्याकडच्या पोरींनी नवरदेवाचे जोडे लपवायचं ठरवलं, आणि घाईघाईत उचलल्या त्या नवरदेवाच्या बापाच्या कोऱ्या करकरीत कोल्हापुरी. लपवल्या कुठं, तर आचाऱ्याच्या रिकाम्या पातेल्यात. आणि आमच्या नशिबानं आचारी असा निघाला की भांडी टेम्पोत भरून वेळेच्या आधीच पसार! फुलंब्रीचे बागायतदार आबासाहेब, म्हणजे माझे व्याही, बँडवाल्याच्या रबरी स्लिपरा घालून सून घरी घेऊन गेले. त्या दिवशी तेवढ्यावर भागलं. पण गेली सात वर्षं आमच्या उंबऱ्याशी आले की थांबतात आणि अगदी शांतपणे विचारतात, "गाईडसाहेब, पायताण काढू का घालूनच येऊ?"

गाईडसाहेब मीच. तीस वर्षं वेरूळ-अजिंठ्याला गाईड होतो, आणि तोही खास जपानी पाहुण्यांचा. जपानी मला फाडफाड येतं असा सगळ्यांचा समज होता. फक्त आमच्या हिला शंका होती. ती म्हणायची, तीस वर्षं त्यांनी तुमचं ऐकलं, तुम्ही त्यांचं कधी ऐकलंत? गाईडच्या बायकोला हे कुणी शिकवलं देव जाणे.

जावई टोकियोत नोकरीला, मनीषाही तिकडंच, आणि तीन वर्षांची नात ओवी. यंदा आम्ही दोघं आणि आबासाहेब असे तिघं दहा दिवसांसाठी निघालो. विहीणबाई यायच्या होत्या, पण म्हैस व्यायला झाली होती. आबासाहेबांनी खास गुलमंडीवरून तपकिरी बूट घेतले होते, चालताना कर्र कर्र वाजणारे. विमानात ते पायातून काढले तर मांडीवर घेऊन झोपले. माझ्याकडं एकदा बघितलं आणि मग घट्ट धरले.

विमानतळावर मनीषानं मला बाजूला घेतलं. कंपनी जावयाला आणखी पाच वर्षं ठेवून घ्यायला तयार होती, आणि तिलाही तिथल्याच बालवाडीत काम मिळत होतं. पण आबासाहेबांनी आधीच निरोप धाडला होता, की पुरे झालं, पोरीला घेऊन फुलंब्रीला परत या. त्यांच्या शब्दापुढं जायची जावयाची हिंमत नव्हती. "बाबा, आम्ही दोघं दिवसभर कामावर. दहा दिवस तुम्हीच त्यांना शहर दाखवा. त्यांना इथलं आवडलं ना, तरच काही खरं आहे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की टोकियो म्हणजे आपलं आजोळ, तू निर्धास्त राहा. आमची ही हळूच म्हणाली, "झालं. गेली पोरीची नोकरी."

दुसऱ्या दिवसापासून छत्रीला लाल रुमाल बांधून मी पुढं आणि हे दोघं मागं. सवयच तशी. एकदा मागं वळून बघतो तर दोन गोरे लोकही आपले मुकाट्यानं येत होते. त्यांना त्यांच्या गाईडकडं पोचवण्यात अर्धी सकाळ गेली.

सगळं जग जो चौक बघायला येतं, त्या शिबुयाच्या चौकात नेलं. हिरवा दिवा लागला की चारी बाजूंनी हजार माणूस एकदम रस्त्यात उतरतं. आबासाहेबांनी तीन दिवे होईपर्यंत पाहिलं आणि म्हणाले की माणसं तर आपल्या क्रांती चौकात बी रस्ता वलांडतात. मग उंच मनोऱ्यावर नेलं, तर लिफ्टनं वर चढण्यात कसली मर्दुमकी, आपण दौलताबादचा किल्ला पायानं चढतो. चेरीच्या फुलांची बाग राहिली होती. झाडं नुसती फुलांनी लगडलेली, लोक खाली चादरी अंथरून डोळे भरून बघतायत. आबासाहेबांनी एक फांदी बोटांनी चाचपली.

"फळ कवा धरतं?"

"या जातीला खाण्याजोगं फळ नसतं, आबासाहेब."

"मंग ठिवलंय कशाला?"

मी छत्री उंच केली आणि पुढं चालू लागलो.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात घर करून बसली होती, आणि ती मस्करीची नव्हती. त्या चौकात माणसांचा लोंढा सुटला तसा त्यांनी माझा दंड धरला. "गाईडसाहेब, ह्या गर्दीत आपली ओवी सुटली, तर कुणाला इचारायचं? फुलंब्रीत ती कुठं बी गेली तरी चार माणसं उचलून घरी आणून सोडतील. इथं कोण कुणाचं?" मी म्हटलं, इथं सगळं शिस्तीत असतं. त्यांनी दंड सोडला नाही. मला त्यांचं बोलणं लागलं, कारण रात्री मलाही तेच वाटत होतं.

आठ दिवस असे कोरडे गेल्यावर मी हुकमाचा एक्का काढला, असाकुसाचं देऊळ. परदेशी पाहुणा टोकियोत आला आणि तिथं गेला नाही असं होत नाही. दारात माणसापेक्षा मोठा लाल कंदील, आत दोन्ही हातांना दुकानं, अंगणात ही थोरली धुपाटणी. लोक धूर ओंजळीनं डोक्यावर घेत होते. आबासाहेबांनी बघून बघून फेट्यावरून धूर घेतला आणि पहिल्यांदाच चेहरा जरा सैल केला. मला इतका हुरूप आला की मी नको ती माहिती दिली. म्हटलं, आबासाहेब, इथली देवता परकी नाही, आपल्या अजिंठ्याच्या पद्मपाणीचंच हे रूप.

"म्हंजी आपलाच देव?"

"आपलाच."

"मंग बूट घालून कसा काय जाऊ?"

आजूबाजूला शेकडो लोक बूट घालून पायऱ्या चढत होते. पण फुलंब्रीचा माणूस देवापुढं बूट घालून जाणार नाही, आणि मुलीचा बाप व्याह्यांना एकट्याला अनवाणी जाऊ देणार नाही. मीही बूट काढले. आमच्या हिनं चपला काढून पिशवीत घातल्या आणि पिशवी काखोटीला मारली. बायका अशा वेळी फार विचार करत बसत नाहीत.

विचार मी केला. देऊळ, गर्दी, कोरे बूट आणि व्याह्यांचे! पुन्हा हरवले तर सात वर्षांचं चौदा होणार आणि मनीषाचं सगळंच मोडणार. आता शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीला जाणाऱ्या कुणालाही विचारा, पायताण कसं ठेवायचं. डावं एका टोकाला, उजवं दुसऱ्या टोकाला. चोराला जोडी लागते, एक चप्पल घेऊन तो काय करणार? माझ्या वडिलांची ही युक्ती, आजवर कधी फसली नाही. आबासाहेब हात धुवायला गेले तेवढ्यात मी त्यांचा डावा बूट पाण्याच्या कुंडाशेजारच्या बाकाखाली सरकवला आणि उजवा चाळीस पावलं लांब, एका दगडी दिव्याच्या मागं. माझे जुनेच होते. ते पायरीशी उघड्यावर कसेही टाकून दिले.

दर्शन झक्क झालं. खाली आलो. माझे बूट होते तिथंच होते. नुसते होते नाही, कुणीतरी ते जोडीनं सरळ लावून, टाचा देवळाकडं आणि तोंड बाहेर करून ठेवले होते, म्हणजे मला उतरल्या उतरल्या पाय घालता यावेत. मी गहिवरलो. मग बाकाखाली वाकलो. बाकाखाली काही नव्हतं. चाळीस पावलं पळत गेलो. दगडी दिव्यामागं तर झाडून घेतलेलं होतं.

आबासाहेबांनी माझ्या पायांकडं पाहिलं, मग स्वतःच्या मोज्यांकडं.

"तुमचे हाईत."

"आबासाहेब, त्याचं असं झालं..."

"माझे नाईत," ते म्हणाले. "हात चांगला बसलाय तुमचा. तवा पोरी लागल्या, आता एकट्यानं जमतंय."

माझे बूट त्यांना देऊ केले, पण मुलीच्या बापाचे बूट ते कसे घालणार, आणि त्यांचा पाय माझ्या दीडपट. शेवटी दुकानातून मिळाल्या त्या लाकडी खडावा घेतल्या. आता डोळ्यांसमोर आणा, सहा फुटी माणूस, पांढरंशुभ्र धोतर, गुलाबी फेटा, झुबकेदार मिशा आणि खाली जपानी खडावा, टॉक टॉक टॉक! गल्लीतले परदेशी पाहुणे कंदील सोडून त्यांच्याभोवती गोळा झाले. फोटोसाठी रांग लागली, बरं का, रांग! एका बाईनं तिकीट कुठं मिळतं असं मलाच विचारलं. आठ दिवसांत टोकियोतलं एकही स्थळ आबासाहेबांच्या पसंतीला उतरलं नव्हतं. ते स्वतः मात्र सगळ्यांच्या पसंतीला उतरले.

मी त्यांना घेऊन कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत शिरलो. आत एक तरुण शिपाई उठून वाकला. मी तोंड उघडलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की मला येणारं सगळं जपानी हत्तीबद्दल आहे. हा हत्ती एकाच दगडात कोरलाय. फ्लॅश वापरू नका. डोकं सांभाळा. शिपायानं लक्षपूर्वक ऐकलं आणि तिसऱ्या वाक्याला वर छताकडं पाहिलं. आमच्या हिनं पिशवीतून स्वतःची चप्पल काढली, आबासाहेबांच्या पायाकडं बोट दाखवलं आणि दोन्ही हात पालथे केले. त्याला लगेच समजलं.

तो आत गेला आणि पारदर्शक पिशवीत घातलेला, चिठ्ठी लावलेला डावा बूट घेऊन आला. कुणा म्हाताऱ्या गृहस्थांना बाकाखाली एकटा बूट दिसला होता. कुणीतरी एका पायानं घरी गेलं असणार, या काळजीनं त्यांनी तो चौकीत आणून दिला होता. शिपायानं देवळाच्या कचेरीत फोन लावला. उजवा तिकडं जमा होता! पाच मिनिटांत तिथल्या एक बाई तो दोन्ही हातांवर घेऊन धावत आल्या. वरची धूळही पुसलेली होती.

आता फक्त कागद भरायचा राहिला. मनीषाला फोन लावून मधे ठेवला. शिपाई विचारणार, ती मराठीत सांगणार.

"बाबा, ते विचारतायत, बूट हरवले कसे?"

"लपवले होते म्हणावं."

"कुणी?"

"मी."

"का, विचारतायत."

"चोरीला जाऊ नयेत म्हणून."

"मग चोरीला गेले का?"

"नाही गं. ते सापडले, म्हणून हरवले."

मनीषानं ते कसं सांगितलं माहीत नाही, पण शिपायानं पेन खाली ठेवलं, थोडा विचार केला, आणि मग एकही शब्द न गाळता सगळं लिहून काढलं. त्यावर माझी सही घेतली. वर आम्हाला त्रास झाला म्हणून त्यानंच वाकून माफी मागितली. एवढी लाज मला लग्नातसुद्धा वाटली नव्हती. कागदाची एक प्रत आबासाहेबांनी मागून घेतली आणि घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

परतीच्या गाडीत ते दोन्ही पाय मागंपुढं करत बसले. नुसता कर्र कर्र आवाज. संध्याकाळी जेवायला बसलो तर मनीषानं मला दोनदा आमटी वाढली. जावई ताटात बघत होते. मी तर परतीच्या विमानात कुठं बसलो म्हणजे दिसणार नाही याचा विचार करत होतो. आबासाहेबांनी ओवीला मांडीवर घेतलं.

"ऱ्हावा पाच वर्सं," ते मुलाला म्हणाले. "नुसता एक बूट पडलेला दिसला तर ही माणसं जीव टाकतात. मंग माझी नात हरवायची काय भीती?"

मनीषा रडायलाच लागली. आमच्या हिनंही पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं, आणि लगेच ताठही झालो. शेवटी काम कुणामुळं फत्ते झालं? मी तसं बोलूनही दाखवलं. आबासाहेब म्हणाले, "व्हय, सगळं तुमच्यामुळंच. म्या सांगतो की सगळ्यांना."

आणि सांगितलं. तो कागद आता चौकट करून त्यांच्या बैठकीत टांगलाय, खाली जावयानं करून पाठवलेलं मराठी भाषांतर. सिल्लोडपासून पाव्हणे तो वाचायला येतात. मागच्या महिन्यात गेलो तर चहा यायच्या आत आठ-दहा जण जमले होते. आबासाहेबांनी आधी कागद दाखवला, मग छत्रीच्या टोकानं मला. तीस वर्षं मी जगाला प्रेक्षणीय स्थळं दाखवली; आता फुलंब्रीत मलाच दाखवतात, आणि निघताना माझे बूट कुणीतरी सरळ लावून ठेवलेले असतात, डावा दारात आणि उजवा म्हशीच्या गोठ्यात.