सव्वाआठ तासांचं सिंगापूर

जेवणाच्या खुर्चीला स्वतःला ओढणीनं बांधून मी सव्वाआठ तास बसलो. गरज पावणेसहा तासांची होती.

झालं असं, की सिंगापूरला लेकीचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला आई जाणार हे ठरलेलंच. मी म्हटलं, मीही येतो. बायको म्हणाली, "तुमच्यानं वीस मिनिटं एका जागी बसवत नाही. दिल्लीपर्यंतसुद्धा डब्याच्या दारात उभे राहून जाता. विमानात कुठे उभे राहाल? मी एकटीच जाते." माझी कंबर जुनी दुखरी, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. पण नातवंडाचं तोंड पहिल्यांदा फोनवर बघायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

जन्मभर रेल्वेची वेळापत्रकं वाचलेला माणूस मी. दिल्लीहून सुटणार सव्वानऊला, पोहोचणार साडेपाचला, केली वजाबाकी. परतीचं विमान मात्र तीन तास दहा मिनिटांत येत होतं. अंतर तेच, चार हजार किलोमीटरच्या वर. म्हणजे जाताना ताशी पाचशे आणि येताना तेराशे. त्याचंही कारण मला सापडलं: जाताना डिंकाचे लाडू, येताना रिकाम्या बॅगा.

मग बायकोला म्हटलं, सव्वाआठ तास बसून दाखवतो. दोन कपाटांच्या मधे खुर्ची घातली, तिची ओढणी पट्ट्यासारखी आवळली आणि बरोबर सव्वानऊला बसलो. उठायची सवलत दोनदाच, तीही न्हाणीपर्यंत. अकराला तिनं मांडीवर पोह्यांची बशी ठेवली. "दुसरं काही मिळणार नाही," म्हणाली. खाली आमच्या दौलतगंज बाजारातले हॉर्न ऐकत मी बसून राहिलो. एकच्या सुमारास शेजारच्या भाभी विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"भाईसाहब को बाँध क्यों रखा है?"

"सिंगापुर जा रहे हैं," बायको म्हणाली आणि विरजण आणायला आत गेली.

साडेतीनला लेकीचा फोन आला. बायकोनं कॅमेरा माझ्याकडे वळवला. लेक पोट धरून हसली.

"बाबा, सव्वाआठ कुठून काढलंत?"

"तिकिटाच्या वेळांवरून. तुझ्याकडे किती वाजले?"

"सहा."

"तुझं घड्याळ पुढे आहे."

"घड्याळ नाही, सिंगापूर पुढे आहे. अडीच तास. प्रवास पावणेसहा तासांचाच. तुम्ही अर्ध्या तासापूर्वीच उतरलात."

कंबरही तेच सांगत होती. बायको गाठ सोडायला पुढे आली. मी तिचा हात धरला. आत्ता उठलो असतो, तर पुढं वर्षभर ऐकावं लागलं असतं, की हिशेब चुकला म्हणून सुटलात, नाहीतर चारलाच कोसळला असतात. बोललो सव्वाआठ, तर सव्वाआठ. पुढचे दोन तास मी दात आवळून काढले. पाय कधी माझे होते, कधी खुर्चीचे.

साडेपाचला तिनं गाठ सोडली, मला दंडाला धरून उभं केलं आणि नीट उभा राहिलोय याची खात्री करून घेतली.

"काढा दोघांची तिकिटं," म्हणाली. "फक्त तिथे बाळाच्या दुधाच्या वेळा तुम्ही बघायच्या नाहीत. पोर उपाशी राहील."