तापलेल्या इंजिनावरचा हात

माणिकराव उदगीरकरांची आणि माझी पहिली गाठ सहा वर्षांपूर्वी पडली, हैदराबादबाहेरच्या तलावावर, बोटींच्या वर्कशॉपात. मी पुण्याहून नुकतीच आलेली, पदवीच्या तोऱ्यात. ते इथल्याच चिक्कडपल्लीचे, चाळीस वर्षं डिझेलमध्ये हात घालून मुख्य मेस्त्री झालेले. "या बाई. आधी इंजिनाला हात लावा, पुस्तक मग," म्हणाले. मला रागच आला, खोटं कशाला बोलू!

कुणी ऑइल बदललं म्हटलं, तरी ते ऑइल मोजायची दांडी काढून, पुसून स्वतः बघत. आम्ही पाठीमागे हसायचो.

पुढच्या वर्षी आपल्या मराठी मंडळाची सहल तलावावर ठरली. आदल्या दिवशी मोठ्या बोटीची सर्व्हिसिंग माझ्याकडे होती. तलावाचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपात रबरी पात्यांची चकती असते, तिला इम्पेलर म्हणतात. तो कधी बदलला, असं मी बोट चालवणाऱ्या खाजाभाईंना विचारलं. "परसोंइच बदले ना मैडम, फिकर नक्को." झालं! मी परवाची तारीख रजिस्टरात लिहिली, झाकण न उघडताच सही ठोकली. जादा इम्पेलरही काठावरच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे नऊ ज्येष्ठ सभासद बोटीत होते, शिवाय खाजाभाई, माणिकराव आणि मी. तलावाच्या मध्यावर तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. माणिकरावांनी ताबडतोब इंजिन बंद केलं. वारा जोराचा होता आणि तलाव भरून सांडव्यावरून वाहत होता. बोट तिकडेच सरकू लागली. खाजाभाईंनी नांगर टाकला, पण तो चिखलात घसरत राहिला.

माणिकरावांनी पंप उघडला. सहापैकी दोनच पाती शिल्लक होती.

"दुसरा कुठंय?"

"काठावर," मी कशीबशी म्हणाले.

बोटीत साचलेलं पाणी उपसायचा हातपंप त्यांनी ओढला, त्याची एक नळी तलावात सोडली, दुसरी इंजिनाच्या नळीला आवळली.

"मी मारते पंप, चालू करा!"

"आत्ता नक्को. तापल्यावर गार पाणी गेलं तर इंजिनाचं हेड तडकेल. मग संपलंच." आणि ते इंजिनावर हात धरून, ते निवायची वाट बघत बसले.

सांडव्याचा आवाज वाढत होता. आपल्या मंडळाच्या सुमनताईंनी माझी ओढणी घट्ट धरली होती. "काका, लावा ना हो!" मी ओरडले. "नाही." पलीकडचे दगड दिसू लागले.

"हां. मारा आता."

मी मारत सुटले. इंजिन खोकललं, बंद पडलं, पुन्हा खोकललं आणि लागलं! हळूहळू आम्ही काठाला आलो. माझ्या तळहातांना फोड आले होते.

काठावर वर्कशॉपचे मालक तापलेले होते. "रजिस्टर कुणी भरलं?" माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. मी खाजाभाईंकडे बोट दाखवलं, "हेच परसों म्हणाले!"

माणिकराव मला हळूच म्हणाले, "बाई, हैदराबादेत परसों म्हणजे मागं कधीतरी. मागचा उन्हाळासुद्धा परसोंच. ते खोटं बोलले नाहीत." मग मालकांकडे वळून म्हणाले, "मुख्य मेस्त्री मी. बघायचं मी राहिलो." तसं रजिस्टरात लिहून त्यांनी सहीही केली. त्यांचं मुख्यपद गेलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी आपल्याच शिष्याच्या हाताखाली काम केलं. मी गप्प बसले आणि माझी नोकरी टिकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हाती स्क्रू-ड्रायव्हर दिला आणि ते झाकण दहा वेळा उघडायला-लावायला लावलं. फोड बघून जेवणाच्या सुट्टीत स्वतः मलम आणून दिलं.

अजूनही मंडळाच्या सभेत कुणीतरी त्यांना चिडवतं, "काय माणिकराव, आज पंप बघितला ना?" ते हसून हो म्हणतात आणि मी खाली बघते. मंडळी, झाकण मी उघडलं नव्हतं. हे सांगायला मला पाच वर्षं लागली, आणि त्यांनी एकदाही मला आठवण करून दिली नाही.

सत्तरी पूर्ण करणाऱ्या माणिकरावांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यात माझा स्वार्थ आहे. त्यांच्याशी मान वर करून बोलायला मी आत्ता कुठे सुरुवात करते आहे.