तळ्यावर नाव घ्यायचं नाही

मॅटॅडोरच्या सीटखाली हात घातला की काय निघेल सांगता येत नाही. कंगवे, एका पायातली चप्पल, एकदा तर चक्क कवळी! किश्श्यांचंही तसंच. आपण ठेवत नाही, साठत जातात.

नव्वदच्या आसपास बबन, पाटणकर सर आणि मी पनवेलहून सहली काढायचो. बबनने जुन्या मॅटॅडोरमध्ये झोपायला फळ्या ठोकल्या होत्या, मागे स्टोव्ह. शनिवारी गाढेश्वरच्या वाटेवर तळ्याकाठी मुक्काम, रविवारी सकाळी जुनं पनवेल. ड्रायव्हर बबन, गाइड रिटायर्ड इतिहासमास्तर सर, आणि स्वयंपाक मी. तरी लोक यायचे!

बबनचा नियम एकच. तळ्यावर कुणाला नावाने हाक मारायची नाही. माणसं गोळा करायची तर हॉर्न वाजवायचा.

कारण त्याने मला एकट्याला सांगितलं, तेही पनवेलात, गॅरेजमध्ये. "जनी, माजी धाकटी भन. थयं म्हशी धुवाया गेलेली. मी हाक मारली, 'आले दादा' बोलली. आली नाय."

मग म्हणाला, "रोज तोंडाशी येतं तिचा नाव. पन हाक मारली आन कोनी आलंच, तर?"

मी उगाच टायर तपासला.

*

बँकेतले एक जोशी. नियम ऐकून हसले आणि मुद्दाम ओरडले, "शोभाऽ!"

पलीकडच्या काठावरून उत्तर, "आलेऽ!"

शोभावहिनी मॅटॅडोरमध्ये कांदा चिरत होत्या. डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "मी इथंय. तिकडे कोणाला बोलावून ठेवलंयत?"

जोशी जेवले नाहीत. सकाळपर्यंत गाडीतून उतरलेही नाहीत.

*

सर विज्ञानवादी. भर दुपारी काठावर उभे राहून वर्गात हजेरी घ्यावी तसे स्वतःचंच नाव पुकारून आले.

"उत्तर आलं?" मी विचारलं.

"आलं. 'हजर, सर!'"

"आवाज कोणाचा?"

"माझाच," सर चष्मा पुसत म्हणाले, "पण चौथीतला!"

*

पनवेलात आधी बैलगाडीची चाकं बनवणाऱ्यांची गल्ली, मग लाकडी माड्यांची घरं, शेवटी गावातल्या तळ्याच्या पायऱ्यांवर ग्रुप फोटो. एकदा रोल धुऊन आला. सगळे खेटून उभे, फक्त बबनशेजारी एका माणसाची जागा रिकामी. आणि बबनचा हात त्या रिकाम्या जागेत, कुणाच्या खांद्यावर ठेवावा तसा!

"हात असा का धरलास रे?" मी विचारलं.

"मी कुटं धरलाय?" म्हणाला. फोटो मात्र खिशात घातला. परत दिला नाही.

*

शेवटच्या सहलीला ठाण्याचं एक जोडपं होतं, सोबत त्यांची सहा वर्षांची मिनू. दिवेलागणीला मिनू दिसेना. आईने हाक मारायला तोंड उघडलं आणि बबनने झेप घेऊन तिच्या तोंडावर हात दाबला! नवरा बाह्या सरसावत धावला.

"हॉर्न!" बबन माझ्यावर ओरडला.

मी वाजवत सुटलो. किती वेळ गेला कोण जाणे, लव्हाळ्यातून मिनू आली. फ्रॉक कमरेपर्यंत भिजलेला. आईने तिला आधी एक ठेवून दिली, मग पोटाशी धरून रडायला लागली. बापाने बबनचे हात धरले. बबन मात्र "सामान भरा, सामान भरा," एवढंच म्हणत होता.

गाडी वळणावर आली तशी मिनू पुढे वाकली.

"काका, तिथे एक ताई म्हशी धूत होती. ती म्हणाली, दादाला सांग, मी कवाची निंगालेय. आनखी एक हाक मारायला पायजे."

बबनने हॉर्नवर हात दाबला, तो पनवेल येईपर्यंत उचलला नाही.