माशाला देवी आल्या तेव्हा

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मग सांगते. मी एकदा माशांसाठी नवस बोलले होते! कौंडण्यपूरच्या अंबिकेला. 'माशांना उतार पडू दे माय, सव्वा महिना अळणी जेवीन.' अख्ख्या अमरावतीत असा नवस दुसऱ्या कोणी बोललं असेल, तर दाखवा!

आमचे हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मुंबईहून त्यांनी समुद्रातले दोन पिवळे मासे आणले. खाऱ्या पाण्याच्या बरणीत, रेल्वेनं, मांडीवर धरून. (लग्न करून मला आणलं, तेव्हा इतकं जपलं नव्हतं!) पण कॉलेजच्या टाकीत आधीचे मासे होते. नव्यांनी सोबत रोग आणला असला तर? म्हणून पंधरा दिवस त्यांना वेगळं ठेवायचं. कुठे? आमच्या बैठकीत!

काचेची पेटी, खारं पाणी, बुडबुडे सोडणारा छोटा पंप. अन् नेमकं यांना परीक्षेसाठी तीन दिवस अकोल्याला जायचं होतं.

"रोज पाहत जाय," हे म्हणाले. "खातात का, धापा टाकतात का, अंगावर पांढरे ठिपके येतात का. ठिपके आले तं मोरचुदाचं औषध मी आल्यावर मोजून देईन. तू पाण्याले हात लावू नको. हे मेले, तं कॉलेज मले पुन्हा मासे आणू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी पाहते तर काय! दोघांच्याही अंगभर पांढरे ठिपके!

शेजारच्या गोदाकाकूंना हाक मारली. त्यांनी उंबऱ्यातूनच हात जोडले. "वो बाई, ह्या तं देवी व्हय!"

"माशाले?"

"काहून? त्याले अंग नाही का?"



मग काय, देवी आल्यावर करतात ते सगळं केलं. पेटीभोवती कडुनिंबाचे डहाळे बांधले. घरात फोडणी बंद, झाडझूड बंद, पुसपास बंद. दर्शन घ्यायचं ते लांबूनच. अन् संध्याकाळी नवस. ठिपके मात्र वाढतच होते!

तिसऱ्या दिवशी दारात लशीची बॅग घेऊन देवी टोचणारे उभे. मास्तरांच्या घरी देवी आल्याचं गल्लीनं त्यांच्यापर्यंत पोचवलं होतं.

"पेशंट कुठी हाय?"

"बैठकीत. दोघं हायेत."

"वय?"

"ते आमच्या यांनाच ठाऊक."

"ताप पाहिला?"

"पाण्याले हात लावू नको म्हणून सांगून गेले ना हे!"

ते चपला काढून बैठकीकडे निघाले. तेवढ्यात हे धावत आत आले. कोपऱ्यावरच कोणीतरी बातमी दिली होती. चेहरा पांढराफटक! माझा हात धरून म्हणाले, "कोणाले झालं? तुले?"

मी पेटीकडे बोट दाखवलं.

यांनी डहाळे बाजूला केले. वाकून पाहिलं. काचेवरून बोट फिरवलं अन् ते बोट चक्क चाटलं!

"मीठ हाय हे! पंपाचे शिंतोडे उडून काचेवर वाळले. तुनं काच पुसली नाही?"

"देवी असताना कोणी पुसते का?" मी हळूच म्हटलं.

ओल्या पंच्याच्या एका फटक्यात दोन्ही माशांच्या देवी गेल्या! आतून ते पिवळेधमक दोघं माझ्याकडे टकामका पाहत होते.

"आता आलोच हावो, तं रिकामा काहून जाऊ?" टोचणारे हसत म्हणाले. दर वर्षी त्यांचा टोचायचा दिवस आला की देवळात लपणारी मी, त्या दिवशी दंड पुढे करून बसले. माझ्यामागे गोदाकाकू!

अन् नवस? मासे आजारीच नव्हते, हे अंबिकेला कोणत्या तोंडानं सांगणार? मासे खाऱ्या पाण्यात मजेत, अन् मी सव्वा महिना अळणी वरणावर. रोज पाट मांडला की हे पेटीकडे बोट दाखवायचे, "मीठ लागलं, तं काच चाटून घेजो!"

तुम्हीही नवस बोला हो, जरूर बोला. अंबिका ऐकते. फक्त माझ्यासारखं सव्वा महिना अळणी खाऊन शिकू नका. आधी ओलं फडकं घ्या अन् काच पुसून पाहा.