गोजरबाईनं घर रिकामं केलं

हात फिरे तिथं लक्ष्मी वसे म्हणतात. कुरुंद्याच्या गोजरबाईचा हात फिरला की मात्र एखादी वस्तू घराबाहेर पडायचीच. घटस्थापनेआधी गावातल्या सगळ्याच बाया घर सारवत, वाकळा नदीवर नेऊन धूत. गोजरबाई धुवायला नेलेल्यातलं निम्मं परत आणत नसे. "वापरात न्हाई ते घरात न्हाई," असं ठसक्यात सांगे. निजामाच्या अमलातले ते दिवस, घरोघर चिंधीसुद्धा जपून ठेवायची रीत. म्हणून तिच्या टापटिपीचं कौतुक व्हायचं. कौतुक करणाऱ्यांना काय ठाऊक, की ती एकाच बाईचं सामान निवडून काढत होती.

ती बाई म्हणजे सुमन, तातेरावाची पहिली बायको. पटकीत गेली आणि वर्षाच्या आत गोजरबाई तिच्या जागी आली. रीतीप्रमाणे लग्नातच गळ्यात सवतीचा टाक पडला. मेलेल्या पहिलीच्या नावाचा चांदीचा एवढासा पत्रा, पण दुसरीनं तो जन्मभर वागवायचा. नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, गोडधोड आधी त्याला ठेवायचं. नाही केलं तर पहिली कोपते.

गळ्यात सुमन, आणि घरात हात घालावा तिथं सुमन. सूप उचललं की सासू अनुसयाबाई म्हणायची, "सुमनचं हाय ते, राहू दे." गोजरबाईला नुसतं आपलं म्हणावं असं एक घर हवं होतं. यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. चुकलं ते पुढं.

पहिल्या वर्षी सूप-टोपल्या चुलीत गेल्या. दुसऱ्या वर्षी सुमननं शिवलेल्या वाकळा तिनं नदीच्या धारेला सोडल्या. मग लुगडी गेली, उतरंड गेली. उरली तारा, सुमनची अकरा वर्षांची पोर, नाकाडोळ्यांनी थेट आई. तिला साखऱ्याला दिली, बैलगाडीनं दोन दिवसांच्या वाटेवर.

"इतक्या लांब काहून?" सासूनं विचारलं.

"लांब दिली की पोरीचं मन सासरी रमतं," गोजरबाई म्हणाली.

चार-पाच वर्षांनी साखऱ्याहून माणूस आला. ताराला दिवस गेले होते, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, गाडी धाडा. तातेराव हळदीच्या रानात होता. गोजरबाईनं दारातच सांगितलं, "आमच्याकडं जागा न्हाई," आणि नवऱ्याच्या कानावर ही गोष्ट जाऊ दिली नाही. पावसाळ्यात तोच माणूस पुन्हा गल्लीच्या तोंडाशी दिसला, तेव्हा तिनं सरळ दार लावून घेतलं. तो बराच वेळ कडी वाजवत होता.

पुढं गोजरबाईला मुलगा झाला, उद्धव. नवससायासांचा एकुलता एक. आता तिला कुणाची भीती वाटेना. गळ्यातला टाक काढून तिनं सोनाराकडं आटवला आणि त्या चांदीचे उद्धवला वाळे केले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

महिनाभरात उद्धवला ताप भरला. पोरगं डोळे उघडेना. झाडपाला झाला, अंगारा झाला. अनुसयाबाईनं पायातले वाळे काढून घेतले आणि म्हणाली, "सुमन कोपली. आटवलेली चांदी आता तिची न्हाई. तिची एखादी वस्तू देवापुढं ठिव, हळदकुंकू वाहा, माफी माग."

गोजरबाईनं माळा पाहिला, कोनाडे पाहिले, कणग्यांमागं हात घातले. तिनं काम इतकं नीट केलं होतं, की सुमनची एक चिंधीही सापडली नाही.

"मग ताराला आण," सासू म्हणाली. "पोटची पोर हाय तिच्या. ताराच्या हातानं पाणी पाजू लेकराला."

तातेराव गाडी जुंपायला उठला. गोजरबाईनं त्याला बसवलं. तो गेला असता तर परत धाडलेल्या माणसाची गोष्ट फुटली असती. गडी घेऊन ती स्वतःच निघाली. तापलेलं लेकरू सासूच्या मांडीवर ठेवताना तिला रडू आवरलं नाही.

साखऱ्याला गड्याला वेशीबाहेर गाडीपाशीच थांबवून ती एकटी गेली. ताराच्या सासरचं दार एका कोवळ्या पोरीनं उघडलं. हातात हिरवा चुडा, आणि गळ्यात कोरा करकरीत चांदीचा टाक.

गोजरबाई उंबऱ्यातच बसली. तिला काही विचारावं लागलं नाही.

ताराची सासू बाहेर आली, तिनं पाणीही विचारलं नाही. "लेकरू आडवं आलं. दोघंबी गेले. सांगाया माणूस धाडला, तर तुमी दार लावून घेतलं."

"तिची एखादी वस्तू असंल तर द्या जी. माझं पोरगं मरून राहिलं."

"काय ठिवायचं? सारं जाळून टाकलं आमी."

परत येईपर्यंत उद्धवचा ताप उतरला होता, आपोआप. अंगणात बसून तो आजीच्या हातची पेज पीत होता. तातेरावानं गाडीत डोकावून पाहिलं. "तारा कुठं हाय?"

खरं सांगायला तेवढीच वेळ होती. गोजरबाई म्हणाली, "न्हाई आली. सावत्र भावासाठी इतक्या लांब कोण येतं, म्हणली."

तातेरावानं बैल सोडून दावणीला बांधले. मग म्हणाला, "मेली ती मला."

त्यानं पुन्हा कधी साखऱ्याची वाट धरली नाही. कुणी ताराचं नाव काढलंच, तर तो म्हणे, "माझं लेकरू मरत व्हतं, अन् तिला यायला जमलं न्हाई." गोजरबाई शेजारीच ज्वारी निवडत बसलेली असे. नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, की ती म्हणे, "व्हय."